परक्या तेलाचा वास

त्या गुरुवारी बाईंच्या मानेवरचा पदर बाजूला केला आणि मला परक्या तेलाचा वास आला.

माझ्या तेलाचा वास मी कुठंही ओळखीन. तिळाचं तेल, त्यात लसणाच्या चार पाकळ्या आणि चिमूटभर ओवा, लसूण लाल होईपर्यंत उकळलेलं. हा वास त्यातला नव्हता. गोडसर, फुलाफुलांचा होता, मंगल कार्यालयाच्या बाथरूममध्ये येतो तसला.  तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवली, बांगड्या कोपराकडे सरकवून त्यांच्यावर रुमालाची पट्टी बांधली आणि नेहमीसारखा उजव्या खांद्याला हात घातला. पण जीव थाऱ्यावर नव्हता. नऊ वर्षांत या खांद्याला माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

मी मालिश करते. राहायला बारामतीत आहे. हे काम मी कुठल्या कोर्समध्ये शिकले नाही, चुलत सासूबाईंच्या हाताखाली शिकले. त्या कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊमाखू घालायच्या. नखं रोज कापायची. तेल कोमट आहे का ते आधी आपल्या मनगटावर बघायचं. अंगठ्यानं दाबायचं नाही, तळहात ठेवून मागून अंगाचा भार द्यायचा, म्हणजे म्हातारपणी आपले हात शाबूत राहतात. एका घरातलं बोलणं दुसऱ्या घरात न्यायचं नाही. आणि सवाष्णीनं कुणाच्या अंगाला मोकळ्या मनगटानं हात लावायचा नाही. बांगड्या काढायच्या नाहीत, बांधायच्या. एवढं सगळं त्यांनी मला शिकवलं, आणि मला वाटत होतं की शिकण्यासारखं एवढंच असतं.

बाई म्हणजे माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. गिऱ्हाईक म्हणायला जीभ रेटत नाही. त्या बारामतीत शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणतात. रिटायर झाल्या त्याच वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. वेणी घालायला शेजारच्या मुलीला बोलवावं लागायचं, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना शिस्त लावलेल्या बाईला ते फार लागायचं. कुणीतरी माझं नाव सांगितलं. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम त्या करायच्या, शेक आणि मालिश माझ्याकडं. पाच-सहा महिने मी रोज गेले. एके दिवशी दार उघडलं आणि बाई काही न बोलता पाठमोऱ्या झाल्या. अंबाडा त्यांनी स्वतः घातला होता. वाकडा होता, चार केस सुटले होते, पण त्यांच्या हातचा होता. मी उंबऱ्यातच उभी राहिले. मग म्हटलं, "पिना कमी पडल्यात."

पुढं बाईंनी ही गोष्ट अख्ख्या बारामतीला सांगितली. तोपर्यंत मी 'ती चोळणारी' होते. त्यानंतर मला लोक 'अहो मावशी' म्हणायला लागले, चहा कपबशीतून द्यायला लागले. तो अंबाडा म्हणजे माझं सर्टिफिकेट.

खांद्यात थोडी कळ उरली होती, म्हणून मी दर आठवड्याला जात राहिले. दोन वर्षांपूर्वी मुलानं बाईंना इंदापूरला नेलं. त्याचं तिथं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. जाताना बाई म्हणाल्या, "आता तुझं येणं संपलं बघ."

"संपतंय कशानं? येष्टी हाय की," मी म्हटलं.

तेव्हापासून दर गुरुवारी मी बारामतीहून इंदापूरची एसटी धरते. जाऊन येऊन दिवस मोडतो. घरी मालक चिडवतात, "इंदापूर तुझं सासर हाय का माहेर?" मी म्हणते, तिथं माझा खांदा हाय.

तर त्या गुरुवारी मालिश झाल्यावर बाईंच्या सुनेनं चहा आणला. मी उगाच विचारल्यासारखं विचारलं, "नवं तेल आणलंय का हो?"

"अगं बाई, तुम्हाला सांगायचंच राहिलं," ती म्हणाली. "इथली एक मुलगी येते सोमवारी. पुण्यात कोर्स केलाय तिनं. तुमचं आठवड्यातून एकदाच होतं ना, म्हटलं मधे एकदा आईंना बरं पडेल. इतका हलका हात आहे तिचा! आईंना झोपच लागते."

मी चहा तसाच खाली ठेवला. झोप लागते! नऊ वर्षांत बाई माझ्या हाताखाली एकदाही झोपल्या नव्हत्या. त्या जाग्या असायच्या, शाळेतल्या गमती सांगायच्या, आणि मी खोल हात घातला की "आई गं" म्हणायच्या. त्या "आई गं"चा मला कोण अभिमान! वाटायचं, दुखणं निघालं बाहेर. आणि ही पोरगी त्यांना झोपवते?

बाहेर पडते तर फाटकाशी स्कूटी थांबली. निळा कुडता, केस घट्ट बांधलेले, मनगटं मोकळी. हातात रबरी पिशवी, शेकायची. ती पिशवी द्यायला आली होती. मला बघून हसली.

"तुम्हीच का मावशी? आजी तुमचं फार सांगतात."

बारामतीत सगळे मला मावशी म्हणतात, तिच्या तोंडून मात्र ते काट्यासारखं रुतलं. मी विचारलं, कुणाची, कुठली. मोरगावच्या बाजूची होती. घरात पूर्वी मेंढरं होती, म्हणाली. आजोबा मेंढराचा मुरगळलेला पाय हातानं बसवायचे, ते बघून आपल्यालाही आवड लागली. मी मनात म्हटलं, म्हणजे मेंढरं चोळून हात बसलाय होय! किती हलकं बोलले मी मनात. पण त्या वेळी ते मला फार गोड लागलं, एसटीत बसेपर्यंत ते मी पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं.

तिनं आणखी एक विचारलं होतं. "मावशी, तुम्ही आजींच्या खांद्याला किती दाब देता? म्हणजे मला सोमवारी अंदाज येईल."

"हाताला कळतं ते," मी म्हटलं आणि चालायला लागले.

तो आठवडा मी नुसती धुमसत होते. लोकांच्या पाठी चोळायची, पण डोळ्यांपुढं ती मोकळी मनगटं. सोमवारी सकाळी दहाला काम करता करता थांबले, म्हटलं आत्ता ती तिथं असेल. आत्ता बाई झोपल्या असतील. दोन वर्षं एसटीचे धक्के खाल्ले मी, आणि ही गल्लीतून स्कूटीवर येते काय, झोपवते काय! मला दुसऱ्या कुणाचं काही नको होतं. बारामतीतली चार घरं तिला मी आनंदानं दिली असती. बाई तेवढ्या माझ्या राहायला हव्या होत्या.

पुढच्या गुरुवारी गेले तेव्हा बाई आंघोळीला गेल्या होत्या. टीपॉयवर प्लास्टिकची फाईल होती. त्यात कागद होता, बाईंचं नाव लिहिलेला. दुसऱ्याचं वाचू नये हे मला कळतं. तरी वाचलं. वय किती. ऑपरेशन झालंय का. गोळ्या कोणत्या. किती दाब बरा वाटतो. कुठं हात लावलेला आवडणार नाही. मला हसूच आलं. ही मालिश आहे का तहसील कचेरीचा अर्ज? ज्याच्या हाताला कळत नाही त्यालाच कागद लागतो.

खाली माणसाचं चित्र होतं, पाठमोरं, आणि दुखतं तिथं पेनानं गोल करायचा होता. गोल कमरेवर होता.

मी दोनदा बघितलं. खांदा कोरा. गोल कमरेवर! मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. पोरीला दुखणं कुठं आहे तेच कळलं नव्हतं. कोर्स केलाय म्हणे! बाथरूमची कडी वाजली तसा मी कागद घाईनं जागेवर ठेवला. बाईंच्या काळजीनं बघितलं असतं तर गोळ्यांच्या रकान्यात काय लिहिलंय तेही वाचलं असतं. पण मी फक्त तिची चूक शोधत होते, आणि मला ती सापडली होती.

त्या दिवशी मी ठरवून खांद्याला हात घातला. म्हटलं, या खांद्याला कळू दे खरा हात कुणाचा.

"आज जोर आहे गं तुझ्या हाताला," बाई म्हणाल्या.

"आत मुरलंय. काढाय नको?"

"कुणावर रागावलीयस का?"

"मी? न्हाय वो. कुणावर रागावू?"

आणि मी कोपर लावलं. खांद्यामागं, मग दंडावर बोटं रोवून खालपर्यंत. बाई त्या दिवशी "आई गं" म्हणाल्या नाहीत. डोळे मिटून गप्प बसून राहिल्या. मला वाटलं, बरं वाटतंय. मला तर असंही वाटलं की आता झोप लागतेय.

सोमवारी मी काटेवाडीत एका घरी दोन महिन्यांचं बाळ पायांवर घेऊन बसले होते. फोन वाजत होता, पण हात तेलाचे. बाळाला न्हाऊ घातलं, धुरी दिली, दुपट्यात गुंडाळून आईकडं दिलं आणि मग त्या अनोळखी नंबरवर फोन लावला.

"मावशी, मी इंदापूरची. आजींकडं येते ती."

"बोल."

"आजींच्या दंडावर आणि खांद्यामागं काळंनिळं पडलंय. दाराची कडी लागली म्हणतात. कडीला चार बोटं नसतात, मावशी."

मी फोन घेऊन अंगणात गेले.

"मी घरात काही बोलले नाही," ती पुढं म्हणाली. "मीपण कडीच सांगितली. पण मागच्या महिन्यात त्यांना पुण्याला नेलं होतं ना, छातीत धडधडायचं म्हणून, तेव्हापासून रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. जोर लावला की असं होतं. त्यांच्या सूनबाईंनी डॉक्टरांना विचारलंय, हलका हात चालेल, दाब नको. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल."

 मी म्हटलं, "मला शिकवाय फोन केलायस व्हय?"

"न्हाय वो मावशी. तुमी गुरुवारी जाणार, म्हणून केला."

घाबरल्यावर तिची भाषा माझ्यासारखी झाली. मी फोन ठेवला.

तिनं घरात सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. मग ती कळलावी ठरली असती आणि मला तिचा मनसोक्त राग करता आला असता. तिनं मला पाठीशी घातलं. ज्या माणसावर आपण जळतो त्यानंच आपल्याला पाठीशी घातलं की ते फार झोंबतं. मी काटेवाडीहून बारामतीपर्यंत रिक्षात तोंड बाहेर करून बसले.

पुण्याचं मला माहीत होतं. म्हणजे, सुनेनं फोन केला होता, "या गुरुवारी येऊ नका, आईंना घेऊन पुण्याला जातोय." मी म्हटलं बरं. मनातून जरा नाराजच झाले, माझा गुरुवार बुडाला म्हणून. एखादं लग्नबिग्न असेल असं मीच ठरवून टाकलं. कशाला जाताय, हे तोंडातून निघालं नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. आमच्यात परका माणूस चौकशा करतो. पाहुणा विचारतो, डॉक्टर विचारतो. जो घरचा आहे त्याला ठाऊक असायचं असतं. मी घरची होते, नऊ वर्षांची. गोळ्या कोणत्या चालू आहेत असं बाईंना विचारणं म्हणजे मी त्यांना ओळखत नाही असं कबूल करणं. म्हणून मी कधी काही विचारलं नाही, आणि यालाच माया म्हणत राहिले.

गुरुवारी जाऊ नये असं फार वाटत होतं. ताप आलाय म्हणावं, एसटी चुकली म्हणावं. तरी गेले. निमगाव केतकीला विड्याच्या पानांच्या टोपल्या चढवायला गाडी थांबली तेव्हा उतरून परत फिरायचं मनात आलं. टोपल्या चढल्या, गाडी सुटली, मी बसूनच होते.

बाई पलंगावर बसल्या होत्या, उन्हाळ्यात लांब बाह्यांचा स्वेटर घालून. सून दुकानात डबा द्यायला गेली होती. मी पिशवी खाली ठेवली, पण तेल काढलं नाही.

"दाखवा," मी म्हटलं.

"काय?"

"हात."

त्यांनी बाही वर केली. कडेनं पिवळं पडायला लागलं होतं, मधे अजून काळपट. चार बोटं दिसत होती आणि पलीकडून अंगठा. ज्या अंगठ्यानं कधी दाबायचं नाही असं मला शिकवलं होतं, तो अंगठा.

"मीच केलं ह्ये."

"कडी लागली."

"बाई, मी काय शाळेतली पोरगी हाय का, मला समजवाय?"

"मग शाळेतल्या पोरीसारखी का वागलीस?" बाईंचा आवाज एकदम वर्गातला झाला. "सोमवारी ती येते म्हणून माझा हात पिळलास. मला कळत नाही होय? चाळीस वर्षं पोरं सांभाळलीत मी. शेजारणीच्या वहीवर शाई सांडणारी पोरगी मला चेहऱ्यावरून कळते."

मला रडू फुटलं. मी पदर तोंडाला लावला आणि जे होतं ते सांगून टाकलं. "जळत हुते बाई. अजून जळतीय. तुमाला तिच्या हाताखाली झोप लागती, ती माज्यानं सोसवना."

बाईंनी बाही खाली केली, नीट केली. मला वाटलं, आता सांगतील, उद्यापासून येऊ नकोस. सांगितलं असतं तर मी काय म्हणणार होते? आणि तेव्हा, काहीतरी बोलायचं म्हणून, किंवा उठायच्या आधी एकदा तरी करून बघावं म्हणून, मी विचारलं.

"बाई, तुमाला कुठं दुखतंय?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग हसल्या. "नऊ वर्षांनी?"

"सांगा की."

"कंबर," बाई म्हणाल्या. "बसून उठताना. आणि रात्री कूस बदलताना."

"आन् खांदा?"

"खांदा बरा होऊन चार वर्षं झाली. तूच बरा केलास ना?"

चार वर्षं. म्हणजे इंदापूरला यायच्या आधीपासून. दोन वर्षं दर गुरुवारी दिवस मोडून मी एका ठणठणीत खांद्याला मालिश करत होते. तो कागद माझ्या डोळ्यांपुढं आला. गोल बरोबर जागी होता. ती पोरगी चुकली नव्हती. तिनं पहिल्या सोमवारी विचारलं आणि बाईंनी सांगितलं, बास, एवढंच झालं होतं.

"मग मला का न्हाय सांगितलं?" मी जवळजवळ भांडायलाच उठले.

"कधी सांगू? तू येतेस, वाटी ठेवतेस, बांगड्या बांधतेस आणि सरळ खांद्याला हात घालतेस. इतक्या लांबून येतेस, इतक्या हौसेनं करतेस. म्हटलं हिला खांदा आवडतो, तर करू दे खांदा. एकदा सांगणार होते. पण तू अंबाड्याची गोष्ट काढलीस."

 सूनबाई यायला वेळ होता. मग मी एक गोष्ट केली, जी माझ्या हातून होईल असं मला वाटलं नव्हतं. फोन काढला आणि त्या नंबरवर लावला. बाई बघत होत्या.

"मावशी बोलतीय. बाईंपाशी हाय. कमरंला हात लावायचाय. जोर किती चालंल?"

मी वाट बघत होते की ती आता मास्तरकी करेल, आणि मी ऐकूनही घेणार होते.

"दाब अजिबात नको, मावशी. नुसता हात फिरवायचा," ती म्हणाली. "बाकी किती नि कुठं, ते आजींनाच विचारा की. त्या सांगतात."

मी पट्टी बांधली. तेल मनगटावर बघितलं. बाई कुशीवर झाल्या आणि मी कमरेवर तळहात ठेवला, भार न देता. नऊ वर्षांच्या ओळखीच्या पाठीवर माझा हात नवशिकीसारखा जागा शोधत होता.

"हितं?"

"थोडं खाली."

"हितं?"

"हं. तिथं."

मी हात फिरवत राहिले. नाकाला अजून सोमवारचा तो फुलाफुलांचा वास येत होता आणि अजूनही तो मला आवडत नव्हता. बराच वेळ झाला. बाईंचा श्वास संथ झाला, पण डोळे उघडेच होते.

"झोपा की वो," मी म्हटलं. माझ्या आवाजात काय होतं ते त्यांना कळलंच असणार.

"झोपते सोमवारी," बाई म्हणाल्या. "आज तू विचारतीयस. मला सांगायचंय."